नोत्र दामचा बिंदुमेघ : लेसरने होणारे इमारतींचे मोजमाप

पॅरिसमधील नोत्र दाम कॅथेड्रलच्या छताला १५ एप्रिल २०१९ रोजी सायंकाळी आग लागली. मध्ययुगीन ओक वृक्षांच्या तुळयांनी बनलेला, 'अरण्य' या टोपणनावाने ओळखला जाणारा छताचा लाकडी सांगाडा काही तासांत जळून गेला. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी उभारलेला, जमिनीपासून सुमारे ९६ मीटर उंचीचा निमुळता मनोरा मोडून खाली कोसळला. त्याच्या आघाताने दगडी कमानदार छतालाही भगदाडे पडली. दुसऱ्या दिवशी भिंती आणि दर्शनी भागाचे दोन्ही बुरूज उभे असल्याचे दिसले, तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यापाठोपाठ पुढचा प्रश्न उभा राहिला. जे गेले ते नेमके कसे होते आणि जे उरले ते आपल्या मूळ जागेवर आहे काय?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग नऊ वर्षे आधीच संगणकाच्या डिस्कवर साठवला गेला होता. अमेरिकेतील वासार कॉलेजमध्ये कलेतिहास शिकवणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये या कॅथेड्रलचे लेसर स्कॅनिंग केले होते. आत आणि बाहेर मिळून पन्नासहून अधिक ठिकाणी त्यांनी यंत्र उभे केले आणि एक अब्जाहून अधिक बिंदूंची मोजमापे घेतली. आगीनंतर पुनर्बांधणी करावी लागेल, असा विचार त्यामागे नव्हता. मध्ययुगीन गवंड्यांनी ही इमारत कशी बांधली, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आग लागली तेव्हा टॅलन हयात नव्हते. नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे आगीच्या पाच महिने आधी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

ओळंब्यापासून लेसरपर्यंत

उभ्या असलेल्या इमारतीचे मोजमाप घेणे ही ऐकायला सोपी, पण प्रत्यक्षात किचकट गोष्ट आहे. जुन्या इमारतींचे मूळ नकाशे बहुधा सापडत नाहीत. सापडले तरी बांधताना त्यात फेरफार झालेले असतात. पुढे कोणी सज्जा बंद करतो, कोणी भिंत पाडतो, कुठे पाया खचतो. त्यामुळे नकाशात इमारत कशी असावी हे दिसते. ती कशी आहे हे मोजूनच कळते. पिढ्यान् पिढ्या हे काम टेप, ओळंबा, गुण्या आणि पाणसळ यांच्या साह्याने होत आले. खोलीच्या चार भिंती आणि दोन कर्ण मोजले, की खोलीचा आकार कागदावर येतो. पण तीस मीटर उंचीवरील कमान मोजायची, तर आधी परांची बांधावी लागते. शिवाय माणूस मोजण्यासाठी काही मोजकेच बिंदू निवडतो आणि त्यांच्यामधली रेघ सरळच आहे असे गृहीत धरतो. जुन्या इमारतीत नेमके हेच गृहीतक फसते.

लेसर स्कॅनर असा निवड करीत बसत नाही. तिवईवर ठेवलेल्या या यंत्रातून लेसरचा किरण निघतो, समोरच्या पृष्ठभागावर आदळतो आणि त्यातला थोडा प्रकाश यंत्राकडे परततो. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर, म्हणजेच सेकंदाच्या एक अब्जांश भागात साधारण तीस सेंटिमीटर जातो. पाच मीटरवरच्या भिंतीवरून किरण परत यायला अशा जेमतेम तेहतीस 'अब्जांश सेकंदां'चा अवधी लागतो. अंतर एका मिलिमीटरने बदलले, तर हा अवधी सेकंदाच्या सुमारे सात लक्ष-कोट्यंश भागाने बदलतो. एवढा सूक्ष्म फरक ओळखणारे घड्याळ हेच या यंत्राचे खरे मर्म होय. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत वेळ थेट मोजत नाहीत. किरणाची तीव्रता ठरावीक लयीत कमीजास्त केली जाते आणि परतलेल्या लाटेची लय मूळ लाटेपेक्षा किती सरकली, यावरून अंतर काढले जाते.

अंतराबरोबर दिशाही समजावी लागते. यंत्रातील आरसा वरखाली गरगर फिरतो, तर संपूर्ण यंत्र स्वतःभोवती सावकाश वळते. प्रत्येक किरण सोडताना या दोन्ही फिरण्यांचे कोन नोंदवले जातात. दोन कोन आणि एक अंतर मिळाले, की अवकाशातील त्या बिंदूचे स्थान निश्चित होते. टॅलन यांच्या वेळच्या यंत्रांचा वेग सेकंदाला पन्नास हजार बिंदूंच्या आसपास होता; आजची यंत्रे दहा ते वीस लाख बिंदू टिपतात. बिंदूंच्या या दाट समूहाला 'पॉइंट क्लाउड' म्हणजेच बिंदुमेघ म्हणतात. पडद्यावर दुरून पाहिल्यास तो छायाचित्रासारखा भासतो. जवळ गेल्यावर भिंत विरळ होत जाते आणि सुट्या ठिपक्यांचा धुरळा उरतो. टॅलन यांनी प्रत्येक जागेवरून सर्व दिशांची गोलाकार छायाचित्रेही घेतली होती आणि त्यांतील रंग त्या त्या बिंदूंना दिले होते.

एका जागेवरून यंत्राला दिसते तेवढेच मोजले जाते. खांबामागचा भाग किरणाच्या 'सावलीत' राहतो. म्हणून यंत्र हलवून अनेक ठिकाणांहून स्कॅन घ्यावे लागतात आणि ते एकमेकांना जोडावे लागतात. या जोडणीसाठी इमारतीत ठिकठिकाणी पांढरे गोळे किंवा काळ्यापांढऱ्या चौकटींचे फलक ठेवतात. दोन स्कॅनमध्ये तोच गोळा दिसला, की संगणक दोन्ही मेघ एकमेकांवर बसवतो. अलीकडची संगणक प्रणाली फलकांशिवाय, केवळ पृष्ठभागांच्या सारखेपणावरूनही हे काम करते. धोका मात्र याच टप्प्यावर असतो. प्रत्येक जोडात मिलिमीटरभर चूक राहिली, तरी लांबलचक मार्गिकेच्या शेवटी ती कितीतरी पटींनी वाढलेली असते. त्यामुळे चोख काम करणारे मोजणीदार आधी सर्वेक्षणाच्या नेहमीच्या उपकरणांनी काही पक्के बिंदू ठरवून घेतात आणि सारे स्कॅन त्यांना बांधून टाकतात. जाहिरातीत यंत्राची अचूकता ठळक छापलेली असते. जोडणीची अचूकता विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

वाकडी भिंत कोणाची साक्ष देते?

टॅलन यांना या मोजमापातून काय मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. कॅथेड्रल डोळ्यांना अगदी रेखीव दिसत असले, तरी आतील स्तंभांच्या रांगा पूर्णपणे एका रेषेत नाहीत, असे बिंदुमेघाने दाखवले. जुने बांधकाम न पाडता त्याला वळसा घालून नवे बांधकाम पुढे नेल्याचे हे चिन्ह होते. पश्चिमेकडील दर्शनी भागात राजांच्या पुतळ्यांची प्रसिद्ध रांग आहे. तो भाग ओळंब्यापासून जवळजवळ एक फूट ढळलेला आढळला. खालची जमीन मऊ असल्याने बांधकाम सुरू असतानाच ते कलले. ती स्थिरावेपर्यंत काम काही वर्षे थांबवून नंतर बुरूज चढवण्यात आले असावेत, असा निष्कर्ष टॅलन यांनी काढला.

आणखी एक जुना वाद होता. भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या दगडी कमानी, ज्यांना 'फ्लाइंग बट्रेस' म्हणतात, त्या मूळ आराखड्यात होत्या की भिंती कलू लागल्यावर मागाहून लावल्या गेल्या? स्कॅनमध्ये पूर्वेकडील गर्भागारासारख्या भागाच्या आतील उभ्या रेषा आठशेहून अधिक वर्षांनंतरही ओळंब्यात असल्याचे दिसले. आधार उशिरा मिळाला असता, तर मधल्या काळात भिंती बाहेर झुकल्याच्या खुणा राहिल्या असत्या. त्या नाहीत, म्हणून कमानी आरंभापासूनच होत्या, असे टॅलन यांचे प्रतिपादन होते. कागदपत्रांनी न सोडवलेला प्रश्न भिंतीच्या सरळपणाने असा मार्गी लावला.

आगीनंतर टॅलन यांच्या सहकाऱ्यांनी हा साठा फ्रेंच तज्ज्ञांना उपलब्ध करून दिला. फ्रेंच संस्थांकडेही इतर स्कॅन होते. आगीनंतर लगोलग नव्याने स्कॅनिंग झाले आणि आधीचा व नंतरचा मेघ शेजारी ठेवता आला. दुरुस्तीच्या कामासाठी मनोऱ्याभोवती आधीच उभारलेली लोखंडी परांची आगीत वितळून एकमेकींत गुंतली होती. सुमारे चाळीस हजार नळ्यांचा तो गुंता २०२० मध्ये कापून उतरवण्यात आला. अशा अवस्थेत कोणती भिंत किती हलली, हे कळणे कामगारांच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रातील लिव्हिओ दे लुका यांच्या नेतृत्वाखाली एका गटाने स्कॅन, जुनी छायाचित्रे आणि ढिगाऱ्यातून वेचलेल्या दगडांच्या नोंदी एकत्र आणल्या. कमानीचा कोसळलेला दगड मूळचा कुठला, याचा शोध त्यामुळे शक्य झाला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण यंत्राच्या कौतुकात ती झाकली जाते. जळून गेलेल्या 'अरण्या'चा सर्वांत उपयुक्त दस्तऐवज केवळ लेसरचा नव्हता. रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुविशारदांनी त्या अंधाऱ्या माळ्यावर जाऊन लाकडी सांगाड्याची तुळई तुळई पाहून तपशीलवार रेखाटने केली होती. हे काम २०१४ मध्ये पूर्ण झाले होते. स्कॅनरला तुळईचा पृष्ठभाग दिसतो. दोन लाकडांच्या सांध्यात खाच कशी कापली आहे, सुताराने आपली खूण कुठे कोरली आहे आणि कोणती तुळई मागाहून बदलली आहे, हे जाणत्या माणसाला उमगते. पुढे सुमारे दोन हजार ओक वृक्ष निवडून तोडण्यात आले आणि मध्ययुगीन भागाच्या तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने तासून घडवल्या, तेव्हा ही रेखाटने त्यांच्या कामी आली. फ्रोमों स्वतः या जीर्णोद्धाराच्या मुख्य वास्तुविशारदांपैकी एक होते. मनोऱ्यावर क्रूस डिसेंबर २०२३ मध्ये चढला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले.

आगीनंतरच्या आठवड्यात एक गमतीदार वावडीही उठली होती. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या २०१४ च्या संगणकीय खेळात नोत्र दामची हुबेहूब प्रतिकृती आहे, त्यावरूनच पुनर्बांधणी होणार, असे जगभर छापून आले. ती प्रतिकृती मेहनतीने केलेली असली, तरी खेळाच्या सोयीने बदललेली होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडणाऱ्या त्या खेळात एकोणिसाव्या शतकातला मनोरा दिमाखात उभा आहे, एवढे सांगितले तरी पुरे. हुबेहूब दिसणे आणि मोजलेले असणे यांतला फरक यापेक्षा चांगला समजावता येणार नाही.

बिंदूंपासून मॉडेलपर्यंत

बिंदुमेघ म्हणजे इमारतीचे मॉडेल नव्हे. त्यातल्या ठिपक्यांना आपण भिंत आहोत की पडदा, हे ठाऊक नसते. स्कॅनिंग सुरू असताना समोरून गेलेला माणूसही त्यात पुसट डाग बनून राहतो. मेघावरून भिंत, खांब, तुळई, दरवाजा असे घटक ओळखून त्यांची त्रिमितीय रचना संगणकावर पुन्हा उभी करावी लागते. प्रत्येक घटकाला साहित्य, जाडी, वय अशी माहिती जोडली, की त्याला इमारतीचे माहिती-मॉडेल, म्हणजेच 'बिम' म्हणतात. स्कॅन एका दिवसात होतो आणि मॉडेलला अनेक आठवडे लागतात, हा या व्यवसायातील नित्याचा अनुभव आहे.

या टप्प्यावर माणसाचा निर्णय येतो. समजा, तीन मीटर उंचीची भिंत माथ्याशी चार सेंटिमीटर कलली आहे. मॉडेल बनवणाऱ्या प्रणालीतील तयार भिंत काटकोनात सरळ असते. ती तशीच बसवली, तर काम झटपट होते आणि चित्र सुबक दिसते. पण ज्यासाठी स्कॅन केला, तो कलच गायब होतो. उलट प्रत्येक फुगवटा मॉडेलमध्ये आणायचा म्हटले, तर खर्च वाढतो आणि फाइल उघडेनाशी होते. म्हणून मॉडेल आणि मेघ यांत किती अंतर चालेल, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. नव्या वातानुकूलन वाहिन्या टाकायच्या असतील तर दोनतीन सेंटिमीटर चालतील. तडा वाढतो आहे का हे पाहायचे असेल तर चालणार नाहीत. ठरावीक काळाने त्याच भिंतीचे स्कॅन घेऊन फरक पाहण्याची पद्धतही रूढ आहे. मात्र तिथे मोजणीतील चूक हालचालीपेक्षा लहान हवी, नाही तर चुकीलाच हालचाल समजण्याचा प्रमाद घडतो.

पाटणची वाव

इमारती मोजण्यासाठी सुटसुटीत स्कॅनर बाजारात आणणाऱ्यांत बेन कसिरा यांचे नाव अग्रभागी आहे. इराकमधील मोसुल येथे जन्मलेल्या आणि अमेरिकेत अभियंता म्हणून स्थिरावलेल्या कसिरा यांच्या कंपनीचे 'सायरॅक्स' यंत्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले. २००१ मध्ये ती कंपनी लायका या नामवंत उपकरण उत्पादकांकडे गेली. त्याच वर्षी तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगाने उडवल्या. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या कसिरा दाम्पत्याने २००३ मध्ये 'सायआर्क' ही वारसास्थळांच्या डिजिटल नोंदी ठेवणारी संस्था स्थापन केली. युगांडातील कासुबी येथील राजसमाधींचे स्कॅनिंग २००९ मध्ये झाले आणि मार्च २०१० मध्ये तेथील मुख्य गवती वास्तू आगीत भस्मसात झाली. नोत्र दामच्या नऊ वर्षे आधी हाच धडा एकदा गिरवून झाला होता. पण पॅरिसइतकी त्याची वार्ता झाली नाही.

भारतातील ठळक उदाहरण गुजरातमधील पाटणच्या राणी की वावचे आहे. राणी उदयमतीने सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ अकराव्या शतकात ती बांधवली, असे मानले जाते. सरस्वती नदीच्या गाळाने ती शतकानुशतके बुजलेली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने विसाव्या शतकात गाळ उपसून ती मोकळी केली. सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल अशी ही वाव २०११ मध्ये 'स्कॉटिश टेन' या प्रकल्पात स्कॅन करण्यात आली. त्यात स्कॉटलंडची शासकीय वारसा संस्था, ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचे तज्ज्ञ आणि सायआर्क सहभागी होते. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला, तर २०१८ मध्ये शंभर रुपयांच्या नव्या नोटेवर तिची आकृती आली. शेकडो मूर्तींनी भरलेल्या अशा वास्तूत टेप घेऊन किती मोजणार? मूर्तीच्या मागची पोकळी, कोनाड्याचा तळ, खांबांमागचा काळोख असे सर्व टिपायला यंत्र पुनःपुन्हा हलवावे लागते, आणि तरीही काही कोपरे रिकामे राहतातच.

जिथे किरण पोहोचत नाही

स्कॅनरच्या मर्यादा साध्या आहेत, तरी त्या वारंवार विसरल्या जातात. काचेतून किरण आरपार जातो, आरशावरून तो भलतीकडे वळतो आणि भिंतीपलीकडे नसलेली खोली पडद्यावर उमटते. ओल्या किंवा काळ्याभोर पृष्ठभागावरून पुरेसा प्रकाश परतत नाही. कडेवर किरण अर्धा इकडे, अर्धा तिकडे पडला, तर दोहोंच्या मध्ये हवेत लोंबणारे खोटे बिंदू तयार होतात. गच्ची आणि उतरते छप्पर जमिनीवरून दिसत नाही. तेथे ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजमाप काढून ते मेघाला जोडतात. हातात धरून चालत चालत मोजणारे स्कॅनरही आता मिळतात. ते काम वेगाने उरकतात, पण त्यांची अचूकता तिवईवरील यंत्राएवढी नसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेसर भिंतीच्या आत शिरत नाही. गिलाव्यामागची वीट भुगा झाली आहे का, सिमेंटमधील सळई गंजली आहे का, तुळईला वाळवी लागली आहे का, याची वार्ता त्याला नसते. त्यासाठी हातोडीच्या ठोक्यापासून ध्वनिलहरी आणि रडारपर्यंतच्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात. एखाद्या जुन्या चाळीच्या किंवा वाड्याच्या रहिवाशांना रंगीत त्रिमितीय चित्र दाखवून कोणी इमारत 'सुरक्षित' असल्याची ग्वाही देत असेल, तर ती ग्वाही स्कॅनच्या भरवशावर घेऊ नये. स्कॅन एवढेच सांगतो की अमुक दिवशी हा मजला अमुक ठिकाणी, इतका वाकलेला होता. दुरुस्ती किंवा पुनर्विकासाच्या वेळी क्षेत्रफळावरून वाद निघतो तेव्हा मात्र हीच माहिती मोलाची ठरते.

काम करून घेणाऱ्यांनी हाती केवळ नकाशे आणि मॉडेल घेऊन समाधान मानू नये. जोडणीचा अहवाल, कोणत्या पक्क्या बिंदूंवरून मोजणी केली त्याची नोंद आणि मूळ बिंदुमेघ यांची मागणी करारातच असावी. मॉडेल एकाने लावलेला अर्थ असतो. मूळ मेघ जवळ असेल, तर दुसरा कोणी दहा वर्षांनी वेगळा अर्थ लावू शकतो. प्रत्येक यंत्र उत्पादकाची फाइल निराळी असते आणि ती उघडणारी प्रणाली कालांतराने बाजारातून नाहीशी होते. यावर उपाय म्हणून २०११ मध्ये 'ई-५७' हे सर्वांना खुले असलेले प्रमाणित स्वरूप प्रसिद्ध झाले. बहुतेक प्रणाली ते वाचतात. मेघ त्या स्वरूपात, किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेला असावा आणि मधूनमधून उघडून पाहिलेला असावा. त्यातील एक प्रत त्या इमारतीबाहेर हवी.